सीट अडकली की आधी दाबा

चावी फिरते, पण मोटरसायकलची सीट निघत नाही. किंवा चावीच फिरत नाही. अशा वेळी हात आपोआप सीटच्या मागच्या कडेखाली जातात आणि माणूस वर ओढायला लागतो. नाही निघाली की आणखी जोर लावतो. काम बिघडतं ते इथेच. सीटच्या बेसची, म्हणजे खालच्या कडक तळाची, कड तुटते, केबल ताणून तुटते, नाहीतर चावी मोडते, आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं.

सीटखाली काय असतं ते डोळ्यांपुढे आणलं की ओढायचं का नाही हे कळतं. सीटच्या बेसला पुढे एक जीभ असते. टाकीच्या मागे चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जी पट्टी किंवा आडवी नळी असते तिच्याखाली ही जीभ सरकते. काही गाड्यांत मधे दोन हुकही असतात. मागच्या बाजूला बेसमधून जाड सळईची यू आकाराची कडी खाली आलेली असते आणि ती चेसिसवरच्या खटक्यात बसते. खटक्यात स्प्रिंगवर चालणारा पोलादी आकडा असतो. कडी वरून आली की तो बाजूला सरतो, ती आत गेली की स्प्रिंग त्याला परत जागेवर आणते. सीट बसवताना येतो तो ‘खट’ आवाज याचाच. चावी फिरवल्यावर केबल किंवा छोटी दांडी हा आकडा मागे ओढते.

बेसखाली चार-सहा रबरंही असतात. सीट लागलेली असताना ती दबलेली असतात आणि सीटला सतत वर ढकलत राहतात, म्हणून तर सीट खडखडत नाही. हा वरचा रेटा कडीमार्फत आकड्यावर येतो. रेटा जितका जास्त तितकं कडी आणि आकड्यातलं घर्षण जास्त, आणि आकडा सरकवायला केबलला तितकाच जास्त ताण द्यावा लागतो. नव्या गाडीत हे सगळं दोन बोटांच्या जोरावर होतं. पण गंज, धूळ, फुगलेला फोम आणि चुकीच्या मापाची रबरं एकत्र आली की केबलची ताकद अपुरी पडते. त्यात तुम्ही वर ओढलंत तर रेट्यात तुमच्या हाताची भर पडते. बरोबर खटक्याच्या वर तळहाताने दाबलंत तर कडी आकड्यापासून एखादा मिलिमीटर सुटते, घर्षण जातं आणि तीच केबल आकडा सहज सरकवते.

दोघे असाल तर बरं. एकाने सीटच्या मागच्या भागावर दोन्ही तळहात ठेवून शरीराचं वजन टाकायचं, दुसऱ्याने त्याच वेळी चावी फिरवून धरायची. एकटे असाल तर गाडी मेन स्टँडवर घ्या, गुडघा सीटवर टेकवा आणि चावी फिरवा. दाब सोडायचा, पुन्हा द्यायचा, असं आठ-दहा वेळा करा. चावी फिरलेलीच धरून मुठीने सीटवर हलके ठोके दिले तरी गंजलेला आकडा सुटतो. सीट थोडी डावी-उजवीकडे हलवून पाहा, कारण कडी तिरकी बसली असेल तर ती एका बाजूने आकड्यावर घासत असते. अडकलेल्या पुष्कळ सीट एवढ्यावर उघडतात. नाही उघडली तर मात्र जोर वाढवण्याआधी थांबायचं आणि नेमकं काय अडलंय ते शोधायचं.

आपल्या गाडीची सीट कशी धरलेली आहे हे आधी पाहून घ्या. साध्या कम्यूटर गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत सीटला लॉकच नसतं. साईड पॅनेल काढली की दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट असतो, तो खोलायचा. काही गाड्यांत चावीचं भोक शेपटीजवळ डावीकडे असतं. काहींत आधी चावीने साईड पॅनेल उघडायचं आणि आत लोंबणारी केबलची कडी ओढायची असते. दोन तुकड्यांच्या सीटमध्ये मागची सीट चावीने निघते आणि तिच्याखाली पुढच्या सीटची केबल किंवा बोल्ट सापडतो. तिथे मागची काढल्याशिवाय पुढची ओढण्यात अर्थ नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत हे एका चित्रात दिलेलं असतं. ती पुस्तिका सीटखालीच ठेवलेली असेल तर ती जागा बदला.

चावी सांगते ती गोष्ट

चावी फिरवताना हाताला काय लागतं त्यावरून निम्मं निदान होतं. ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

चावी आत जाते पण तसूभरही फिरत नाही: दोष लॉकच्या नळीत आहे. आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग. चावीचे दात त्या सगळ्या पट्ट्या एका पातळीत आणतात तेव्हाच नळी फिरते. एखादी पट्टी मातीने चिकटली किंवा चावीचे दात झिजले की संपलं.

चावी फिरते, पण शेवटी दगडावर आपटल्यासारखी थांबते: नळी ठीक आहे, केबलही जोडलेली आहे, आकडा अडकलाय. इथे दाबण्याचा उपाय लागू पडतो.

चावी फिरते, स्प्रिंगसारखी मागे ओढ लागते, आणि तरी सीट सुटत नाही: केबल सैल पडली आहे. आकडा सरकतो, पण पूर्ण नाही. दोन मिलिमीटर कमी पडले तरी कडी सुटत नाही.

चावी अगदी सैल फिरते, काहीच ओढ लागत नाही: केबल तुटली आहे, तिच्या टोकाचा निप्पल (धातूचा छोटा गोळा) खाचेतून निसटला आहे, किंवा नळीच्या मागची छोटी पट्टी मोडली आहे. आता चावी कितीही वेळा फिरवली तरी उपयोग नाही, दुसरीकडून आत शिरावं लागणार.

चावी फिरत नसेल तर

आधी घरातली दुसरी, कमी वापरलेली मूळ चावी शोधा. रोजच्या चावीचे दात झिजून गोल होतात. आणि डुप्लिकेटवरून काढलेल्या डुप्लिकेटमध्ये प्रत्येक वेळी थोडा फरक वाढत जातो. चावीवाल्याकडे जाताना नेहमी मूळ चावीच न्यावी ती यासाठी.

नंतर नळी साफ करायची. बारीक स्ट्रॉ लावलेला स्प्रे, म्हणजे डब्ल्यूडी-४० किंवा तसलाच गंज सोडवणारा, भोकात घालून दोन-तीन छोटे फवारे मारा. आधीचं घाण पाणी बाहेर आलं की जुन्या कापडाने टिपा. पुन्हा एक फवारा, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. हा थांबण्याचा भाग कुणी पाळत नाही, पण तेल फटींत चढायला वेळ लागतोच. मग चावी आत-बाहेर वीस-पंचवीस वेळा करा, न फिरवता. दर वेळी चावीवर आलेला काळा चिखल पुसा. चावी स्वच्छ येऊ लागली की हलक्या हाताने फिरवून पाहा, चावी अगदी किंचित बाहेर ओढून, मग किंचित आत दाबून.

पक्कड लावून चावी फिरवायची नाही. नुसत्या दोन बोटांनी चावी मोडत नाही, पकडीने मात्र पहिल्या दाताच्या खाचेत सहज तुटते. तुटलीच तर उरलेला तुकडा आत ढकलू नका. भोक मूळ स्थितीत, म्हणजे चावी घालताना असतं तसं उभं आहे ना ते पाहा. तिरकं असेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने आधी सरळ करा, कारण त्याच स्थितीत तुकडा बाहेर येतो. स्प्रे मारा, आणि हॅक्सॉ ब्लेडची ग्राइंडरवर बारीक केलेली पट्टी किंवा लाकूडकामाच्या कोरीव करवतीचं पातं चावीच्या दातांच्या बाजूने, पात्याचे दात बाहेरच्या दिशेला करून आत सरकवा. चावीच्या खाचेत पातं अडकलं की सरळ रेषेत बाहेर ओढा. तुकडे फेकू नका, दोन्ही जोडून चावीवाला नवी चावी काढू शकतो.

तेलाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपल्या नाशिकच्या हवामानाचा संबंध येतो. घरात हाताशी असतं म्हणून लोक लॉकमध्ये खोबरेल घालतात. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी पारा १० अंशांच्या आसपास असतो, निफाडला तर त्याहून खाली जातो. त्या थंडीत नळीतलं खोबरेल मेणासारखं घट्ट होतं आणि पितळी पट्ट्या जागच्या जागी धरून ठेवतं. इंजिन ऑइल थिजत नाही, पण ते चिकट राहतं आणि धूळ पकडून ठेवतं. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात रस्ते उकरले की धुळीची कमतरता राहत नाही. नळीसाठी ग्रॅफाइटची कोरडी पावडर सगळ्यात चांगली. फक्त एक पथ्य आहे: ग्रॅफाइट घालायचं तर आधी स्प्रेचं तेल पूर्ण वाळू द्या. ओल्या तेलावर ग्रॅफाइट पडलं की त्याची लापशी होते.

नाशिकच्या गाड्यांची खास दुखणी

द्राक्षबागेवर फिरणाऱ्या गाड्यांचं लॉक शहरातल्या गाड्यांपेक्षा लवकर जातं, आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. द्राक्षांवर बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे कॉपर सल्फेट. लॉकचं ओतीव अंग सहसा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. मोरचुदाचं पाणी जस्ताला लागलं की जस्त विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. लॉकच्या तोंडाशी लालसर-काळा थर आणि बाजूला पांढरी भुकटी दिसली तर हेच झालंय असं समजा. दिंडोरी, पिंपळगावकडे फवारणीचे डबे सीटवर बांधून नेतात, झाकणातून गळतं, सीटच्या शिवणीतून खाली उतरतं आणि थेट लॉक-खटक्यावर ठिबकतं. अशा गाडीचं लॉक त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं झाल्यावर स्प्रे मारा. तेवढ्याने वर्षानुवर्षं टिकतं. न धुता नुसता स्प्रे मारला तर मोरचूद आतच राहतं.

दुसरं दुखणं दोरीचं. टोमॅटोची २० किलोची क्रेट किंवा कांद्याची गोणी मागच्या सीटवर ठेवून दोरी सीटवरूनच आवळली जाते. त्यामुळे बेस मधोमध खाली वाकतो आणि कडी तिरकी होते. प्लास्टिकचा बेस उन्हात असा काही महिने दाबला गेला की परत सरळ होत नाही. ओझं कॅरिअरला आणि ग्रॅब रेलला (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीला) बांधा, सीटला नाही.

त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांत फोम पाणी पितो आणि जड होतो, आणि खटक्याची स्प्रिंग गंजते. आणि वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा थेट चावीच्या भोकावर मारला की काळी माती नळीच्या मुळापर्यंत जाते. धुवायला देताना भोकावर टेपचा तुकडा लावला तरी पुरे.

केबल तुटली असेल तर आत कसं शिरायचं

इथे घाई केली की प्लास्टिक तुटतं. साईड पॅनेल आधी काढा. स्क्रू असेल तो खोला, बाकी पॅनेल रबराच्या ग्रोमेटमध्ये (भोकात बसवलेल्या कड्यांमध्ये) खुंट्यांवर बसलेलं असतं. खुंटी जिथे आहे तिथेच आतून बोटं घालून सरळ बाहेर ओढायचं, कडेला धरून उघडायचं नाही. ग्रोमेट कडक झालं असेल तर त्यावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका.

आता टॉर्च लावून चावीच्या लॉकपासून खटक्याकडे जाणारी काळी केबल शोधा. तिचं बाहेरचं आवरण खटक्याजवळ एका खोबणीत अडकवलेलं असतं. आतली तार दिसत असेल तर नोज पकडीने ती चावीच्या दिशेला ओढा, आणि त्याच वेळी दुसऱ्याला सीट दाबायला सांगा. तार लॉकच्या टोकाला तुटली असेल तर हे हमखास जमतं. तार खटक्याच्या टोकाला तुटली असेल तर केबलचा उपयोग संपला. मग मागच्या मडगार्डच्या बाजूने खालून पाहा. बऱ्याच गाड्यांत खटका खालून दिसतो. लांब, चपट्या टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरने आकडा स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेला ढकला. दिशा कळत नसेल तर केबल ज्या बाजूला जाते ती बाजू म्हणजे उघडण्याची दिशा.

तेही जमत नसेल तर खटका ज्या दोन बोल्टवर बसलाय ते खालून खोलता येतात का पाहा. सहसा एम-६ (म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट असतात, त्यांना १० चा पाना लागतो. बोल्ट निघाले की सीट खटक्यासकट वर येते. लॉक ड्रिल करणं हा शेवटचा पर्याय आहे, आणि तो माझ्या मते घरी करूच नये. सीटखाली बॅटरी, फ्यूज आणि वायरिंग असतं, पुढे टाकी असते. ड्रिलचं टोक आत निसटलं की लॉकच्या कितीतरी पट खर्च येतो. हे काम कुलूपवाल्याचं.

बोल्टवाली सीट

इथे शत्रू एकच, गंज. एम-६ च्या बोल्टला १० चा पाना लागतो, एम-८ ला १२ किंवा १३ चा. सहा कोनी गोटी पाना वापरा. बारा कोनी पाना गंजलेल्या डोक्यावर घसरतो आणि कोपरे खातो. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळा, मग सोडा. आवळताना गंजाची पकड मोडते. अर्धा आटा सुटला की पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असं करत काढा.

बोल्ट फिरत राहतो पण बाहेर येत नाही, तेव्हा आतला वेल्ड केलेला नट सुटलेला असतो. नट दिसत असेल तर पकडीने धरा. दिसत नसेल तर बोल्टच्या डोक्याखाली चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेरच्या बाजूला ताण द्या आणि तसाच ताण ठेवून बोल्ट फिरवा, नट कडेला अडकतो. तेही नाही झालं तर डोकं हॅक्सॉ ब्लेडने कापायचं. अशा ठिकाणी ग्राइंडर चालवू नका. ठिणग्या टाकीकडे आणि फोमवर जातात.

बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, सुरुवातीचे चार-पाच आटे हातानेच फिरवा. एम-६ साधारण १० न्यूटन-मीटर आणि एम-८ साधारण २२ न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा. छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर एम-६ तेवढा होतो. पायाने पाना दाबणारे बोल्ट तोडतात.

सुटली, आता उचलायची कशी

मागची बाजू मोकळी झाली की सीट सरळ वर उचलू नका. पुढची जीभ अजून पट्टीखाली आहे. मागची बाजू तीन-चार बोटं वर करा, सीट दोन्ही हातांनी मागे सरकवा, जीभ सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. पकडायचं ते बेसला, रेक्झिनच्या शिवणीला नाही. उन्हाळ्यात रेक्झिन टाकीच्या रबराला चिकटून बसतं, तिथे ओढाताण न करता फटीतून हात फिरवून सुटं करा.

सीट उलटी करून मऊ कापडावर ठेवा. आता खरं काम. सीट अडकण्याची कारणं बहुतेक वेळा मागच्या वेळी ती कशी बसवली त्यात असतात, आणि ती आत्ता उघडी दिसतात.

खटका ब्रशने आणि थोड्या रॉकेलने साफ करा. बॅटरीवर कापड टाकून ठेवा. पेट्रोल वापरू नका. कोरडं झाल्यावर आकड्याच्या फिरणाऱ्या खिळ्यावर आणि कडी जिथे घासते तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. त्याहून जास्त ग्रीस धूळ ओढतं. मग सीट न लावता खटका तपासा: स्क्रू ड्रायव्हरची दांडी कडीसारखी वरून दाबा, खट आवाज यायला हवा. चावी फिरवा, दांडी सहज वर निघायला हवी. हे दहा वेळा करा. दहाच्या दहा वेळा नीट उघडलं तरच सीट लावायची. शेवटच्या चाचणीनंतर खटक्याचं तोंड मोकळं राहिलंय हेही पाहा. अडलेल्या खटक्यावर सीट आपटून कडी वाकवणं फार सोपं आहे.

केबलमध्ये एक-दोन मिलिमीटर ढिलाई ठीक. त्याहून जास्त असेल आणि केबलला ॲडजस्टर असेल तर नट सोडून आवरण बाहेर घ्या. ॲडजस्टर नसेल तर केबल बदला, तार पिळून आखूड करण्याचा जुगाड टिकत नाही. आवरणात वरच्या टोकाने पातळ तेलाचे थेंब सोडत राहा, खालच्या टोकाला तेल दिसेपर्यंत.

आता रबरं. एखादं पडलेलं असेल तर सीट त्या कोपऱ्यात खाली बसते आणि कडी तिरकी होते. लोक तिथे जुन्या ट्यूबची घडी घालतात. घडी मूळ रबरापेक्षा जाड असते, सीट वरच राहते, आणि ती कशीबशी दाबून लॉक केली की आकड्यावर कायमचा जास्तीचा रेटा येतो. मूळ मापाचं रबर मिळवा.

सीटचं कव्हर नव्याने शिवून घेतलं असेल तर बेसचा पुढचा भाग निरखून पाहा. रेक्झिनची चुणी जिभेवर आली असेल, किंवा रबराच्या जागी स्टेपलच्या पिनांचा गठ्ठा झाला असेल, तर सीट तीन-चार मिलिमीटर वर राहते. जादाचं रेक्झिन कटरने कापा, पिना दाबा. शिवणाऱ्याला आधीच सांगितलेलं बरं की जीभ, कडी आणि रबरं यांच्या भोवती दोन बोटं जागा मोकळी सोड, आणि फोम मूळ जाडीपेक्षा बेसच्या कडेला वाढवू नकोस. फोम वरून वाढवला तर चालतो.

कडी कुठे टेकते हे कळायला सोपी युक्ती आहे. कडीच्या तळाला खडू घासा, सीट जागेवर ठेवून हलकेच दाबा, लॉक होऊ देऊ नका, आणि काढून पाहा. खडूची खूण खटक्याच्या तोंडात बरोबर मधे हवी. एका बाजूला गेली असेल तर कडीचे किंवा खटक्याचे बोल्ट सैल करून सरकवा. भोकं मोठी ठेवलेली असतात ती याचसाठी.

बसवणं

सीटखाली भरलेलं सामान कमी करा. रेनकोटची घडी, पुसायचं फडकं आणि जाड प्लास्टिकमधली कागदपत्रं बेसला खालून ढकलतात, आणि मग रबरं करतात तेच काम दुप्पट जोराने करतात. वायरी आणि टूलकिटचा पट्टा खटक्यापासून दूर घ्या. चावी हातात आहे ना ते पाहा. ती सीटखाली राहिली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जीभ आधी. सीट पुढे तिरकी धरा, जीभ पट्टीखाली घाला, मागून तळहाताने पुढे रेटा. मग सीटची पुढची कड वर उचलून पाहा. ती उठता कामा नये. उठत असेल तर जीभ पट्टीच्या वर बसली आहे. ही चूक धोक्याची आहे, कारण मागचं लॉक तरीही लागतं आणि सगळं ठीक दिसतं. कसाऱ्याच्या घाटात उतारावर जोराचा ब्रेक लागला की शरीर पुढे सरकतं, सीटही सरकते, आणि तिचा सगळा भार एकट्या मागच्या कडीवर येतो.

पुढचं पक्कं झालं की खटक्याच्या बरोबर वर दोन्ही तळहातांनी एकदाच ठाम दाबा. एकच खट ऐकू यायला हवा. उंचावरून सोडायची नाही, मूठ आपटायची नाही. मागची कड वर ओढून पाहा, दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते पाहा. मग लगेच चावीने उघडा, पुन्हा लावा. सलग तीन वेळा दोन बोटांच्या जोराने उघडली तर काम झालं. दाबून धरावं लागत असेल तर रबर, कडी किंवा रेक्झिन यापैकी काहीतरी अजून वर ढकलतंय. तेव्हा तसंच सोडू नका.

ज्यांची गाडी रोज शेतात किंवा लांब जाते त्यांनी सीट काढलेली असतानाच आणखी एक सोय करून ठेवावी. खटक्याच्या आकड्यावर, केबलच्या खोबणीशेजारी भोक असेल तर त्यात सायकलच्या ब्रेक केबलची पातळ तार ओवा आणि तिचं टोक मडगार्डच्या आत, सहज दिसणार नाही असं, पण हात पोचेल असं बांधा. तार सैल हवी, नाहीतर खड्ड्यात सीट आपोआप उघडेल. केबल तुटली तरी या तारेने सीट निघते. बाहेर दिसेल अशी ठेवली तर ती इतरांच्याही उपयोगाची होते, म्हणून जागा नीट निवडा.

बसवल्यावर चार-पाच स्पीडब्रेकरवरून गाडी चालवा, थांबवा, आणि चावी लावून सीट पुन्हा एकदा उघडून पाहा. धक्क्यांनी रबरं आणि रेक्झिन जागेवर बसतात आणि कडीची जागा अर्धा-एक मिलिमीटर बदलू शकते. त्यानंतरही सहज उघडत असेल तर साईड पॅनेलचे स्क्रू लावून टाका.